तार धरून येतो

माझं माहेर फलटणजवळचं, चौथीपर्यंत शाळा झाली नि मग काज-बटणाला बसवलं, लग्नही शिंप्याच्याच घरात झालं, त्यामुळे आयुष्यभर कानात दोनच आवाज, एक मशीनचा नि एक रेडिओचा. आमच्या ह्यांच्या दुकानात कापडाच्या गठ्ठ्यावर रेडिओ ठेवलेला असायचा नि मुकुंदा, माझा एकुलता एक, शाळेतून आला की दप्तर टाकून त्याचं बटण पिळत बसायचा. गाणं लागलं की पुढे सरकवायचा, खरखर लागली की कान लावायचा. हे म्हणायचे, अरे लोक गाण्यासाठी रेडिओ घेतात, तू काय खरखरीसाठी घ्यायला लावलास होय, तर म्हणायचा, बाबा, त्या खरखरीच्या मागे कुणीतरी बोलतंय. मला तेव्हाही भीती वाटायची बघा, की हे पोर असंच कुणाच्या तरी आवाजामागे लांब जाणार. नि गेलंच.

मी मुळातच भित्री. चारचौघांत माझा आवाज फुटत नाही, गिऱ्हाईक आलं तरी मी ह्यांना नुसती खूण करायची. हे गेल्यावर मुकुंदानं मला इकडे अमेरिकेत, पार्सिपनीला आणलं. सून मानसी चांगली आहे, दोघंही कॉम्प्युटरवर काम करतात, मला काही कमी नाही. पण भीती सगळ्याचीच. दाराची बेल वाजली तर भीती, फोन वाजला तर भीती. नि बाहेर गेलं तर काहीच वाजत नाही ह्याची भीती. एवढ्या गाड्या जातात-येतात, पण कुणी हॉर्न म्हणून वाजवत नाही. आमच्याकडे बैलगाडीसुद्धा एवढी गप्प जात नाही. मी आपलं मनाशी ठरवून टाकलं होतं की इथल्या गाड्यांना हॉर्न बसवतच नाहीत. कुणाला विचारलं नाही, विचारायचीही भीतीच.

तर मुकुंदाचं ते खूळ इथंही सुटलं नाही. एएम म्हणतात ना, तो जुन्या रेडिओतला प्रकार, त्यावर लांबलांबची स्टेशनं शोधायची. गेल्या थंडीत म्हणाला, अलास्काला जातो, अगदी वर उत्तरेला. तिथं थंडीत सूर्य उगवतच नाही, नि अंधारात ही स्टेशनं फार लांबवर पोचतात, म्हणजे भरदुपारीही समुद्रापलीकडचं ऐकू येतं. मानसी म्हणाली, यार मुकुंद, मला सुट्टी नाही, तू एकटा गेलास तर जेवणारही नाहीस नि परतही येणार नाहीस, निदान आईंना घेऊन जा. ती चेष्टेत म्हणाली, पण मी रात्रीत थालीपिठाची भाजणी बांधली नि गेले.

काय सांगू तुम्हाला तो मुलूख. दुपारचा एक वाजलेला नि बाहेर दिवेलागणीसारखं, सगळीकडे बर्फ, ना घर ना माणूस. भाड्याची गाडी रस्त्याकडेला लावली नि मुकुंदानं तारेचं मोठं रीळ काढलं. लांब तार जमिनीवर सरळ पसरली की स्टेशन स्वच्छ लागतं म्हणे. एक टोक खिडकीच्या फटीतून आत घेऊन बरोबर आणलेल्या रेडिओला लावलं नि रीळ सोडत चालत गेला, जसा आपण दोरा सोडत जातो तसा. परत आला, बटण फिरवलं नि एक बाई बोलायला लागली. आई, जपान, तो म्हणाला. त्याचा चेहरा अगदी दप्तर टाकून बसायचा तेव्हासारखा. मी म्हटलं, काय म्हणते ती? म्हणाला, मला काय माहीत. मला तर इंग्रजीही कळत नाही नि जपानीही, त्यामुळे मला सगळी स्टेशनं सारखीच, पण ती बाई बाजारभाव सांगितल्यासारखी एका सुरात बोलत होती, बरं वाटलं.

मग तिचा आवाज बारीक झाला. मुकुंदा म्हणाला, पलीकडचं टोक वाऱ्यानं सुटलं असणार, बसवून येतो. इंजिन तुझ्यासाठी चालू ठेवलंय, खाली उतरू नकोस, आवाज मोठा झाला की समज मी टोकाला पोचलो. चल, जातो. मी म्हटलं, जातो म्हणू नये रे, येतो म्हणावं. हसला नि म्हणाला, बरं बाई, तार धरून जातो नि तार धरून येतो, झालं समाधान?

तो गेला. मी रेडिओकडे बघत बसले. नि खरंच, थोड्या वेळानं ती बाई मोठ्यानं बोलायला लागली, जणू गाडीतच मागे बसलीय. म्हटलं, पोचला. तेवढ्यात वारा सुटला. खाली पडलेला बर्फच उडायला लागला नि काचेबाहेर पांढरं, नुसतं पांढरं, गाडीचं नाकसुद्धा दिसेना. मी स्वतःला समजावलं, त्याच्या हातात तार आहे, तारेच्या ह्या टोकाला मी आहे. नि बाई बोलता बोलता एकदम बंद झाली.

मशीनवर दोरा तुटला ना, की मशीन चालूच राहतं, सुई खालीवर होते, पण आवाज पोकळ येतो. बघायची गरज नसते, हाताला आधी कळतं. तसंच झालं. रेडिओ चालू होता, पण पोकळ. तार तुटली होती. नि माझा मुलगा तार धरून येणार होता.

फोनला रेंज नाही. दार उघडलं तर वाऱ्यानं हातातून ओढून घेतलं. मी ओरडले, मुकुंदाऽ म्हणून, जन्मात एवढ्या मोठ्यानं ओरडले नव्हते, पण आवाज तोंडातून निघाला नि तिथंच विरला, मलाच ऐकू आला नाही. उतरून शोधायला जावं असं पाय म्हणत होते, पण उतरू नकोस म्हणालाय, नि मी हरवले तर तो कुणाकडे येणार. मग सुचलं की दिवे मोठे करावेत, पण बटण कुठलं ते माहीत नाही, म्हणून मधल्या दांड्यावरून कशीबशी पाय टाकून त्याच्या जागेवर सरकायला गेले, साडीचा काठ अडकला, तोल गेला नि कोपर सगळा स्टिअरिंगच्या मधोमध पडला.

गाडी बोंबलली. मी दचकून हात काढला, वाटलं, मोडली गाडी. गप्प झाली. पुन्हा हळूच दाबलं, पुन्हा बोंबलली. तेव्हा कळलं मला, की इथल्या गाडीलाही हॉर्न असतो.

मग काय, दोन्ही हातांनी दाबला. दाबायचा, थांबायचं, कान द्यायचा, पुन्हा दाबायचा. किती वेळ गेला ठाऊक नाही, तळहात बधिर झाले, रेडिओ तसाच पोकळ खरखरत होता नि मी त्याच्यामागे कुणी बोलतंय का ते ऐकत होते. मनात एकच, हा जातो म्हणाला, आधी जातो म्हणाला.

काचेवर थाप पडली. भुवयांवर बर्फ, ओठ निळे, हातात तारेचा तुटका तुकडा तसाच धरलेला. आत आला तर दात वाजत होते, बोलता येईना. पहिलं बोलला ते हे, की आई, हॉर्न कुणी वाजवला? मी म्हटलं, मीच, दुसरं कोण आहे इथं. म्हणाला, तार हातात नुसती सैल आली गं, मी भलत्याच दिशेला चाललो होतो, हॉर्न मागून ऐकू आला तेव्हा वळलो, वाटलं दुसरी कुणाची गाडी आली, तुला कुठं हॉर्न वाजवता येतो. मी म्हटलं, मला काय माहीत, इथल्या गाड्यांना असतो ते. तो हसायला लागला, मीही हसले, नि मग त्याच्या थंडगार कानांवर हात ठेवून मी जी रडले, त्यानंही मला गप्प केलं नाही.

मानसीला त्यानं सांगितलं नाही, मीही नाही. तुम्हाला म्हणून सांगितलं. यंदा पुन्हा जायचं म्हणतोय. मी अडवत नाही, लहानपणी अडलं नाही ते आता काय अडणार, मीही येणार एवढंच बोलले. जिथं जाईल तिथून त्याला मागचा आवाज ऐकू येवो, एवढंच मागते देवाकडे.

भीती काही गेली नाही माझी. कालचंच बघा, दुकानासमोर गाडी लावून तो म्हणाला, दूध घेऊन येतो. येतो म्हणाला, नीट म्हणाला. तरी तो वळल्याबरोबर मी त्याच्या जागेवर सरकले नि हॉर्नवर हात ठेवून बसले. वाजवत नाही हो, लोक काय म्हणतील. नुसता ठेवते, तो दारातून बाहेर आलेला दिसेपर्यंत.