डाव्या वळणाचे ब्रेक

तुम्ही मला भित्री म्हणता, पण आमच्या बाबांच्या जुन्या गाडीत एकदा बसून बघा. हिंगोलीजवळच्या आमच्या गोरेगावच्या सलीमचाचा मेकॅनिकनी तिला पुढचे डिस्क ब्रेक बसवले; डावीकडचा नव्या मॉडेलचा, उजवीकडचा जुन्या मॉडेलचा. त्याच दिवशी हिंगोलीला माझा बी.ए.चा पेपर. दुकानासमोरच बाबांनी ब्रेक दाबला, तर गाडी डावीकडं ओढली गेली. मी किंचाळलेच.

"चाचा, हे काय?" बाबांनी विचारलं.

"ब्रेक बराबर लागून राहिला ना? हिंगोलीपर्यंत मोठी वळणं डावीकडचीच हायेत. तू काहून घाबरून राहिली, बेटा?"

पेपर वेळेवर मिळाला. परतताना तीच वळणं उजवीकडं येणार, म्हणून बाबांना गाडी घेऊन पुढं जाऊ दिलं आणि मी भाड्याच्या जीपनं निघाले. वाटेत बाबा दिसले, गाडीसकट तुरीच्या शेतात.

"बघ," ते म्हणाले, "ब्रेक बराबर लागला."