कंत्राटदारांचं दगडफूल

नाही, तुम्हीच सांगा, माणसानं पाय कशासाठी मोडावा? चोरामागे धावताना मोडावा, लग्नात नाचताना मोडावा... माझा मोडला दगडफुलासाठी! फूल म्हणायचं आपलं. ना वास, ना पाकळी, खडकाला चिकटलेला राखाडी पापुद्रा! पण आमच्या संग्रहालयाला डोंगरावरची दगडफुलं हवी होती, वाळवून, पाकिटात घालून, कपाटात ठेवायला. आता नमुने गोळा करणारा मी, आणि आमचे विभागप्रमुख साहेब पायथ्याला गाडीत बसणारे, म्हणजे चढणार कोण? शिखराजवळ एका खडकावर केशरी काठाचं एक दिसलं, छिन्नीनं त्याची कपची काढली, पाय सटकला, घरंगळत खाली आलो, पण नमुना छातीशी घट्ट! साहेबांनी आधी तो उचलला, मग मला. "अहो, नवीन जात आहे ही! तुमचंच नाव देऊ!"

तुम्हाला सांगतो, प्लास्टरमधला पाय उशीवर ठेवून सगळ्या नातेवाइकांना फोन केले मी! बायको म्हणाली, "छापून तर येऊ दे आधी." आलं ना छापून! नाव कोणाचं? संग्रहालयाला नवी कपाटं देणाऱ्या कंत्राटदारांचं! साहेब म्हणतात, "तुमचं नाव लॅटिनमध्ये बसेना हो." माझं बसेना, त्यांचं बरं बसलं! आणि पाय कोणाचा मोडला? कशासाठी? दगडफुलासाठी!

मग कंत्राटदारांना हुक्की आली, आपलं दगडफूल जागेवर जाऊन बघायचं. वाट कोणाला ठाऊक? मलाच! काठी टेकत बसलो त्यांच्या गाडीत, शेजारी साहेब. डोंगरात रस्ता कंत्राटदारांनीच नवा काढलेला, गाडी थेट वर! उतरलो, इकडे बघतो, तिकडे बघतो... खडकच नाही!

"कुठाय हो माझं?"

म्हटलं, "तुमच्या चाकाखाली बघा. खडी झालीय त्याची."

अहो, तळहाताएवढं व्हायला पिढ्या जातात त्याला! वाटलं, आता तरी हा माणूस शरमेल... छे! टाळी वाजवली गड्यानं! "म्हणजे जगात एकच उरलं, तुमच्या कपाटातलं, तेही माझ्या नावाचं? वा!" आणि आमचे साहेब? तेही हसले! हसतात काय! मी तिथंच खडीवर बसलो, काठी आडवी टाकून, दगडफुलासाठी रडणारा जगातला पहिला माणूस!

परतताना साहेब हळूच कानाशी लागले, "पलीकडच्या डोंगरावर बघा ना एखादं... त्यांच्या मिसेस रुसल्यात, माझ्या नावाचं कुठाय म्हणून."

काय करणार? छिन्नीला धार लावून आणलीय.