दोन ठोक्यांमधलं अंतर

मणके बसवणाऱ्या डॉक्टरांकडे बाकावर माझ्या शेजारी एक आजी बसल्या होत्या. त्यांचे यजमान, निवृत्त बसचालक, बूट हातात घेऊन आतून बाहेर आले.

"अहो, काय म्हणाले?"

"छातीला पट्टा लावून ठोके मोजले, मग कंबर कडकन बसवली, मग परत मोजले. माझे ठोके एकसारख्या अंतरानं पडत नाहीत म्हणे."

"अगं बाई! हृदयाचं काही निघालं का?"

"मीही घाबरलो. तर ते हसायला लागले. अंतर थोडं कमीजास्त होणं चांगलंच असतं. आज ते कमीजास्त होणं आधीपेक्षा वाढलंय."

"कंबर बसवल्यामुळे?"

"ते एवढ्यात सांगता येत नाही म्हणाले. पुन्हा मोजणार आहेत."

"जीव टांगणीला लावलात माझा! आणा ते बूट, नाड्या बांधते."

"थांब. बघ आता."

"अहो, वाकू नका! आठ महिने वाकता येत नव्हतं तुम्हाला... अगं बाई, वाकलात की!"

"बांधली. गाठ बघ."

"सैल आहे."

"असू दे. रडतेस काय?"

"रडतेय कुठे? दुसऱ्या बुटाची बांधा. नीट बघू दे मला."