मिलिंदचा पहिला ठोका

मी बदनापूरचा. वडील लग्नाला, जयंतीला लाउडस्पीकर भाड्यानं द्यायचे, मंग मी बी वायरी जोडता जोडता रेकॉर्डिंगला लागलो आन मंडपाच्या गोदामाशेजारच्या खोलीत भिंतींना गोधड्या लावून स्टुडिओ केला. काय सांगू तुम्हाला, हेवी मेटल वाजवणारे आम्ही गावात चौघंच, लोक म्हणायचे पत्रे कापून राह्यलेत काय. ड्रमवर मिलिंद. गल्लीतलाच, लहानपणी आईच्या पिठाच्या डब्यावर शिकलेला. त्याची एक खोड होती, पहिला ठोका हलका टाकायचा आन दुसरा असा की छातीत बसावा.

गाणं आमचंच होतं, पिढ्यान्‌पिढ्या आमच्या लोकांना आवाज खाली ठेवा म्हणणारांवर. म्हणून मिलिंद म्हणाला, ह्याचा आवाज कमी ठेवायचा न्हाई. मला ते बराबर वाटलं, आजबी वाटतं.

चूक माझी. रेकॉर्डिंग झालं की आवाज नीट करायचा शेवटचा हात शांत बसून फिरवायचा असतो. मी वडिलांची सवय धरली, आवाज रस्त्यावर लावून बघायची. चुलत भावाच्या रिक्षात बसलो, जुन्या जालन्यात भर बाजारात गाणं लावलं, हॉर्नापुढं काही ऐकूच येईना. मंग घरी येऊन लिमिटर दाबला. लिमिटर म्हणजे काय, तर आवाजाला छत घालायचं आन खालून सगळं वर रेटायचं. हलकं असतं ते वर येतं, जोराचं असतं ते छताला लागून चेपतं. तीनदा बाजारात गेल्तो, तीनदा रेटलं. मिलिंदनं ऐकलं, म्हणाला, दणका हाये, पण माझा हात कुठंय रे? मी म्हणालो, रिक्षात ऐक. कॉम्प्युटरची डिस्क भरल्ती, म्हणून मूळचं रेकॉर्डिंग मी पुसून टाकलं.

दोन महिन्यांनी परतूरहून येताना त्याच्या मोटारसायकलला ट्रकनं उडवलं. मिलिंद जागेवरच गेला.

मंग एक दिवस त्याची आई, मावशी म्हणतो मी, खोलीत आली, लेकाचं वाजवणं ऐकव म्हणाली. सगळं ऐकलं तिनं. म्हणाली, बाबा, ह्याच्यात माझा मिलिंद न्हाई, सगळंच सारखं वाजून राह्यलंय. मी सांगितलं, मावशी, चेपलेलं परत उठत न्हाई, आन मूळचं मीच पुसलं. ती चिडली असती तर बरं झालं असतं.

आता दर रविवारी तिच्याकडं जातो. ती पीठ परातीत काढती, तोच डबा माझ्यापुढं उपडा ठेवती. मी वाजवतो. ती डोळे मिटून म्हणती, हळू, बाबा, तो पहिला हळू मारायचा. मी परत मारतो. हात बसत न्हाई अजून. ती म्हणती, बसंल.