नदीपात्रात पुरलेला दगड

ऐका. पुढे सरकून बसा. ज्याला हसायचे असेल त्याने आताच हसून घ्यावे, मध्ये हसलेले मला चालणार नाही.

ही गोष्ट हैबती भोयाची. तो परका नव्हता. आपल्याच भोईवाड्यातला, आपल्याच घाटावर पोहायला शिकलेला. म्हणूनच मला त्याची कीव येत नाही. अजाण माणूस चुकतो तेव्हा कीव करावी. हैबती जाणता होता.

कृष्णामाई आपल्याला जमीन कसायला देते, मालकीने देत नाही. हे तुम्हाला सांगावे लागते हीच लाजेची बाब आहे, पण सांगतो. पूर ओसरतो, दिवाळी सरते, आणि पात्रात गाळाचे पट्टे उघडे पडतात. तेव्हा सारा भोईवाडा महादेवाच्या पायरीशी जमतो. दोर टाकून पट्टे पाडतात. प्रत्येक घराची एक खूण घागरीत पडते. कोणाची कवडी, कोणाची सुपारी, कोणाचा बांगडीचा तुकडा. वाड्यातली सर्वांत वृद्ध बाई डोळे मिटून एकेक खूण काढते. ज्याची खूण निघेल त्याचा तो पट्टा. तेथे कलिंगडे लावा, काकड्या लावा, झोपडी घालून उन्हाळाभर राखण करा. मात्र मृग लागण्याआधी हद्दीच्या साऱ्या खुंट्या उपटून देवळापुढे जाळायच्या. एकही खुंटी पात्रात राहता कामा नये. मग पाणी येते आणि सारे पुसून टाकते. पुढच्या वर्षी पुन्हा घागर, पुन्हा दोर. कोणी मोठा नाही, कोणी धाकटा नाही.

एवढी सोपी रीत. तीही हैबतीला जड गेली.

त्या वर्षी त्याच्या वाट्याला वळणावरचा पट्टा आला. मऊ, काळा, बोट घातले तर मनगटापर्यंत जाईल असा गाळ. वेल असे पसरले की पाय ठेवायला जागा उरली नाही. फळ दिले नदीने आणि ताठा आला याला. मग त्याने काय केले, ऐका. खुंटीच्या जागी एक लांबट दगड पुरला. वर वाळू सारखी केली. खुंट्या सगळ्यांबरोबर उपटल्या, सगळ्यांबरोबर जाळल्या, आणि महादेवापुढे सगळ्यांबरोबर हातही जोडले. दिवाळीनंतर घागर आली की हा म्हणणार होता, 'माझी हद्द पात्रात शाबूत आहे. माझा पट्टा घागरीत घालायचा नाही.' देवासमोर उभा राहून माणूस असा हिशेब करत होता.

खुंट्या जळाल्या त्याच संध्याकाळी पश्चिमेला, घाटमाथ्यावर, आभाळ काळे झाले. वीज चमके, पण आवाज येत नसे. आपल्याकडे थेंब नव्हता. असे आभाळ दिसले की भोयाचे मूलही जाणते की पाणी निघाले आहे. हैबती जेवायला बसला. लोंढ्याने दगड लोळवला तर? तो अजून खोल गाडायला हवा होता. ताट तसेच टाकून त्याने पहार उचलली.

त्याची बायको ठकू चुलीपाशी होती.

"पहार कशाला?"

"कूड ढिल्ला झालाय."

"कूड घराला हाय. तुमी घाटाकडं निघालाय."

"तुला न्हाई कळायचं त्यातलं."

"मला येवढं कळतंय, आज खुंट्या जळल्या. आता खाली उतरायचं नसतं. कुत्रं बी उतरत न्हाई."

"मग कुत्र्याला घिऊन बस," असे म्हणून तो अंधारात निघाला.

घाट उतरला. वाळू कोरडी होती. नदीची धार पलीकडे, नेहमीसारखी बारीक. हैबती मनात म्हणाला, भित्री आहेत सारी. वळणाच्या वाटेने तो आपल्या पट्ट्याकडे आला, आणि थबकला. पट्ट्यावर कोणी उभे होते. कमरेला धोतर, अंग उघडे, खांद्यावर दोराचे वेटोळे.

"कोन हाय?"

"मीच. मोजतूय. बरं झालं आलास, हैबती. एकल्यानं मोजणी हुत न्हाई. जरा टोक धर."

याला माझे नाव कसे ठाऊक, असा प्रश्न शहाण्याला पडला असता. हैबतीला दुसराच पडला.

"कुनाचा पट्टा मोजताय?"

"तुझाच की. दिवाळीनंतर दोर आखडता धरला हुता लोकांनी. तुला कमी घातलंय गड्या."

झाले. लोकांनी आपल्याला कमी घातले, हे ऐकायला लोभी माणूस जन्मभर आतुर असतो. हैबतीने पहार वाळूत रोवली आणि दोराचे टोक धरले.

तो माणूस दोर सोडत अंधारात गेला. तिकडून आवाज आला, "मागं सर."

हैबती मागे सरला.

"अजून मागं. अजून तुझंच हाय."

तो सरला. आनंदाने सरला. पाठीमागे काय आहे ते पाहावे असे त्याला वाटले नाही. एकेक पाऊल मागे, एकेक पाऊल जमीन. पायाखालची वाळू ओली झाली. मग गार झाली.

"पाणी लागतंय पायाला," तो म्हणाला.

"ओल हाय ती. गाळ ओलाच असतूय. सर मागं."

आवाज आता समोरून येत नव्हता. उजवीकडून आला. मग डावीकडून. मग अगदी कानाशी. हैबतीने टोक सोडू पाहिले. सुटेना. दोर मनगटाला वेटाळला होता, ओला, बुळबुळीत, वाम माशासारखा. तेवढ्यात घाटमाथ्यावर वीज लखलखली आणि त्याला दिसले. दोराच्या दुसऱ्या टोकाला कोणी नव्हते. दोर सरळ वाळूत गेला होता. जेथे त्याने दगड पुरला होता, तेथेच.

आणि दोर आत ओढला जाऊ लागला.

ऐका, आता कोणी उठू नका. वाळू फुगली. दगड वर आला. दगडाला दोन्ही हातांची मिठी घातलेला तो माणूस वर आला. त्याच्या तोंडातून गाळ ओघळत होता, आणि गाळातूनच तो बोलत होता. हा राणोजी. माझ्या आजोबांच्याही आधीचा. त्यानेही असाच दगड पुरला होता, आणि पूर आला तेव्हा दगड राखायला उतरला होता. प्रेत सापडले तेव्हा हात मिठी घातल्यासारखे आखडलेले होते. त्याला अग्नी मिळाला, मंत्र मिळाले. मन मात्र दगडापाशी राहिले. देह जळतो, हाव जळत नाही.

"दगड कुनी पुरला?" राणोजीने विचारले.

"म्या."

"मग जागा कुनाची?"

"माझी." सवयीने बोलला. पाणी गुडघ्याला आले.

"जागा कुनाची?"

"माझी म्हनलं न्हवं?" पाणी कमरेला आले. त्याच्या मागोमाग आलेली ठकू काठावर हाका मारत होती, ते त्याला ऐकू येत होते. पण मनगट सुटत नव्हते आणि जीभ वळत नव्हती. देवाचे नाव घ्यावे म्हटले तर तेही येईना. संध्याकाळी खोटे घेतलेले नाव रात्री कसे यावे?

"जागा कुनाची रं?"

पाणी छातीला लागले. दोर खाली ओढत होता. तेव्हा हैबती ओरडला, "तुझी! तुझीच हाय. मी सोडली. घे तू."

हे शब्द राणोजीला कोणाही जिवंत माणसाने कधी ऐकवले नव्हते. त्याने दोर टाकला आणि दगडाला पुन्हा घट्ट मिठी मारली. हैबतीचे मनगट मोकळे झाले. लोंढा आला, त्याने त्याला उचलले, लोळवले, काठच्या करंजाच्या मुळांत फेकले. ठकूने केसांना धरून त्याला वर ओढले.

सकाळी सारा भोईवाडा जमला. हैबतीने सगळे सांगितले. सुटलो कसा, हे तर छाती पुढे काढून सांगितले. आपण भुताला फसवले असे त्याला वाटत होते. घागरीतल्या खुणा काढणारी येसाबाई तेथे बसली होती. दृष्टी गेलेली, कान शाबूत. तिने विचारले,

"वाचलास. बरं झालं. पन दिलंस कुनाचं?"

"म्हंजी?"

"तुझं हुतं का त्ये?"

हैबती मनगटावरचा वळ चोळू लागला.

"नदीची हाय म्हनला असतास, तर त्यो बी सुटला असता बिचारा. इतकी वर्सं त्येवढंच आयकायला बसला हुता त्यो. तू त्याला मालक करून आलास."

त्या वर्षी पूर ओसरला, पण वळणावरचा पट्टा वर आला नाही. तेथे डोह झाला. आणि दिवाळीनंतर आपण दोर टाकतो तेव्हा डोहालगतचा पट्टा दर वर्षी अरुंद निघतो, हे तुम्हीही पाहिले आहे. शिकलेले लोक म्हणतात, नदी काठ खाते. खात असेल. मी एवढेच जाणतो की तेथे एक जण मोजणी करतो आहे, आणि त्याला हक्क माणसाच्या तोंडाने मिळाला आहे.

म्हणून सांगतो. खुंट्या जळाल्यावर वळणाच्या वाटेने कोणी उतरायचे नाही. काही राहिले असेल तर राहू द्या. कोणी टोक धरायला बोलावले तर तोंड फिरवून घरी या. आणि एवढे ऐकूनही ज्याला जावेसे वाटेल, त्याने खुशाल जावे. त्याच्या मागून ओरडत काठावर धावणारी बायको मात्र मी थांबवीन. दर वेळी तिनेच का भिजायचे?