तुऱ्याखालचे डोळे

प्रीतम : आणि मला न विचारता सरळ कात्री?

सोनल : विचारलं होतं. तू म्हणालास, आधी फोटो होऊ देत.

प्रीतम : अगं, पॉलिश कॅप कोंबडी म्हणतात हिला. अख्ख्या कामोठ्यात कुणाकडे नाही. सोसायटीतली पोरं गेटवरून बघायला थांबतात. तुराच गेला तर राहिलं काय?

सोनल : डोळ्यांपुढचीच पिसं काढलीत. वर झुबका आहे तसाच आहे. पाणी पिताना भिजायचा, तोंडावर चिकटायचा. आत उवा झाल्या होत्या, कधी उचलून बघितलंस? बाकीच्या कोंबड्या दाणे संपवायच्या आणि ही भिंतीला चोच मारायची.

राहीबाई : खरं हाय रं. काल माज्या पायावर आपटली.

सोनल : आई, काल तुमचा नातूही पायरीवरून पडला.

राहीबाई : पोर हाय, परनारच.

सोनल : केस डोळ्यांत जातात त्याच्या. डोळा लाल झालाय. मान वाकडी करून बघतो, अगदी या कोंबडीसारखा.

राहीबाई : क्लिप लाव.

सोनल : काढून तोंडात घालतो. दिवसभर तेच टेन्शन.

राहीबाई : मंग थांब जरा. जावल मामाच्या मांडीवर व्हतं. त्याच्या आधी कात्री लावायची नाय.

सोनल : मामा बोटीवर आहे. केतन आधी मे म्हणाला, मग गणपती, आता दिवाळी. माझाच भाऊ, कुणावर चिडू?

प्रीतम : आपण कोंबडीचं बोलत होतो.

सोनल : मीही तेच बोलतेय. छान दिसतंय ना, एवढंच बघता सगळे. त्यांना काय दिसतं, ते कुणी विचारत नाही. कोंबडीला मामा नव्हता, म्हणून तिचं तरी करता आलं.

(अंगणात छोटा स्वानंद वाटीतली मूठभर कणी कोंबडीपुढे टाकतो.)

प्रीतम : आली बघ. सरळ चालत आली.

राहीबाई : हातातलं बी टिपतंय.

सोनल : एरवी हात दिसायचा नाही तिला. घाबरून बोटालाच चोच मारायची.

राहीबाई : ह्यो काय शोधतंय?

प्रीतम : वाटी पडली त्याची. स्वानंद, तिकडे नाही रे. पायाशी बघ, पायाशी.

सोनल : नाही दिसत त्याला.

राहीबाई : ...सोनल, ती कात्री उकलत्या पान्यात टाक.

सोनल : आई?

राहीबाई : कपालावरचंच काप. मागं एक बट ठेव, मामाला.