हलू नकोस, कोस्टाके!

...नाही, मला सांगा, चाळीस वर्षं झाली, आता तरी माणसाने घरात बसून एक मॅच बघायची की नाही? आज बुखारेस्टमध्ये केबलवर शंभर चॅनेल आहेत, त्यातले तीन तर नुसते फुटबॉलवर भांडणारे! आणि मी कुठे आहे? दहाव्या मजल्याच्या वर, गच्चीवर, तापलेल्या डांबरात चपला चिकटवून!

तुम्हाला सांगतो, हे सगळं शहाऐंशीच्या वर्ल्ड कपपासून. तेव्हा आपल्या टीव्हीवर दिवसाला दोन तास कार्यक्रम, त्यात मोठ्या साहेबांचं, म्हणजे आपल्या हुकूमशहाचं, भाषण, साहेबांचा दौरा, साहेबांनी पाहिलेला मका! फुटबॉल हवाय? मग नदीपलीकडच्या बल्गेरियाचं चॅनेल पकडा! भाषा कळत नाही, पण गोल तर कळतो! आमच्या अख्ख्या बिल्डिंगने मिळून ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा अँटेना उभा केला, तो दक्षिणेला वळवायला मी हात लावला... आणि खालून आरोळी, "आलंऽऽ!" हात काढला. "गेलंऽऽ!" लावला. "आलं! हलू नकोस, कोस्टाके!"

झालं! संपलो मी! नळीला तार गुंडाळली, झारा टांगला, बायकोच्या मावशीला धरून उभं केलं... छे! चित्र यायचं ते माझ्याच हाताने. एकदा पेनल्टी किक सुरू झाल्या, म्हटलं एक तरी बघू, एकच! धावत खाली आलो, दारात पाय ठेवतो तो पडद्यावर नुसत्या मुंग्या! वीस माणसं वळून माझ्याकडे बघतायत... शेजारच्या झाम्फिराबाई, जन्मात कधी चेंडूला पाय लावला नाही, त्या म्हणाल्या, "देवाला तरी घाबर रे!" गेलो वर. अख्खा वर्ल्ड कप मी कानांनी बघितला हो!

बरं, ते गेलं. साहेब गेले, अँटेना भंगारात गेला. आज किती वर्षांनी आपली टीम बाद फेरीत! पिवळा टी-शर्ट घातला, सूर्यफुलाच्या बिया घेतल्या, सोफ्यावर बसलो... पाचव्या मिनिटाला आपल्यावर गोल! सेवस्तित्सा, म्हणजे आमची बायको, माझ्याकडे बघते. मी बियांकडे बघतो. पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो... आपला गोल! परत येऊन टेकतोय तोच त्यांचा फटका खांबाला! झालं, मॅच बघायला आलेल्या झाम्फिराबाई, नव्वदीच्या आता, काठी आपटून म्हणतात, "याला वर पाठवा!"

"अहो, पण वर अँटेना कुठाय?"

"अँटेना नसेल. तू तर आहेस ना?"

मी म्हटलं, मुळीच जाणार नाही! तर सेवस्तित्साचे डोळे भरले. "कोस्टाके, मी पंचाहत्तरची झाले. हे पुन्हा बघायला मिळेल का रे मला?" बिया तिच्या हातात दिल्या. चढलो.

तर हा असा उभा आहे, दोन्ही हात वर, हातात काही नाही! जादा वेळ संपला, पेनल्टी चालू आहेत, चार-चार झाल्यात, त्यांची शेवटची हुकली म्हणे, आता आपली शेवटची... थांबा, थांबा, खाली सगळं चिडीचूप... नाक खाजतंय, खाजवू का? नको... अरे काय झालं? कुणीतरी बोला!

"आऽऽऽलं!"

दहाही मजले ओरडतायत! जिंकलो! सेवस्तित्सा, जिंकलो ना? उतरू का गं आता?

"हलू नकोस, कोस्टाके! पुढची मॅच शनिवारी आहे!"

...बरं. निदान त्या बिया तरी वर पाठवा.